मोजून सांगणारा शास्त्रज्ञ : गे-ल्युसॅक



रसायनशास्त्राच्या पुस्तकात वायूंच्या प्रकरणात गे-ल्युसॅक हे नाव आपल्याला भेटते. आपण त्यांचा नियम पाठ करतो, त्यावरची दोन-चार उदाहरणे सोडवतो आणि पुढे जातो. काही पानांनंतर द्रावणांचे प्रकरण येते. तिथे एक आलेख असतो. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर १०० ग्रॅम पाण्यात विरघळणारा क्षार. एक रेषा झपाट्याने वर चढते, एक जवळजवळ आडवीच राहते, तर एक मध्येच मोडून खाली वळते. या आलेखाखाली सहसा कोणाचे नाव नसते. पण क्षारांची विद्राव्यता अशी आलेखातून अभ्यासण्याची रीत १८१९ साली ज्यांनी घालून दिली, ते हेच गे-ल्युसॅक.

या अंकात आम्ही त्यांचे चरित्र देत आहोत, त्याला एक कारण आहे. 'थोडे मीठ घेतले', 'पाणी बरेच तापवले' अशी वाक्ये प्रयोगवहीत आम्हाला दरवर्षी वाचायला मिळतात. थोडे म्हणजे किती ग्रॅम आणि बरेच म्हणजे किती अंश, असे विचारले की वर्गात शांतता पसरते. गे-ल्युसॅक यांचे सारे आयुष्य याच दोन प्रश्नांची उत्तरे काढण्यात गेले. किती? आणि कोणत्या तापमानाला?

क्रांतीच्या धामधुमीतले बालपण

जोसेफ लुई गे-ल्युसॅक यांचा जन्म ६ डिसेंबर १७७८ रोजी फ्रान्समधील सँ लेओनार द नोब्ला या गावी झाला. वडील आंत्वान गे हे वकील व सरकारी अधिकारी. त्या भागात गे आडनावाची आणखीही घरे होती. वेगळी ओळख राहावी म्हणून वडिलांनी आपल्या जमिनीच्या ठिकाणाचे ल्युसॅक हे नाव आडनावाला जोडले. आपल्याकडेही गावावरून आडनाव पडते, तसाच हा प्रकार.

जोसेफ दहा वर्षांचा असताना, १७८९ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांती झाली. १७९३ च्या सुमारास वडिलांना संशयावरून अटक झाली. त्या काळात अशा अटकेतून माणूस जिवंत परत येईल याची खात्री नसे. सुदैवाने राजवट बदलली आणि ते सुटले. पुढे जोसेफला शिक्षणासाठी पॅरिसकडे पाठवण्यात आले. तिथेही अन्नाचा तुटवडा होता. वसतिशाळेतील बहुतेक मुलांना घरी धाडावे लागले, पण या हुशार मुलाला मात्र शाळा चालवणाऱ्या कुटुंबाने ठेवून घेतले.

१७९७ च्या अखेरीस त्याला एकोल पॉलितेक्निक या नव्याने निघालेल्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळाला. तिथे जन्म किंवा घराणे न पाहता परीक्षेतील गुणांवर निवड होत असे. क्रांतीने या मुलाच्या घराचे स्वास्थ्य हिरावून घेतले होते, पण ही संस्थाही क्रांतीनेच दिली होती.

गुरूच्या विरुद्ध गेलेला प्रयोग

तिथले एक अध्यापक होते क्लोद लुई बर्थोले. नेपोलियनबरोबर ते इजिप्तला जाऊन आले होते. तिथल्या खाऱ्या तळ्यांच्या काठावर सोड्याचे थर साचलेले त्यांनी पाहिले. प्रयोगशाळेत ज्या दिशेने अभिक्रिया होते, तिच्या उलट दिशेने ती निसर्गात घडत होती. मीठ आणि चुनखडी तिथे विपुल असल्याने हे घडते, असे अनुमान त्यांनी काढले. पदार्थाचे प्रमाण किती आहे याचाही अभिक्रियेवर परिणाम होतो, हा मोठा विचार त्यातून पुढे आला.

१८०० च्या सुमारास बर्थोले यांनी या तरुणाला आपला मदतनीस म्हणून घेतले. पॅरिसजवळ आर्कय येथे त्यांचे घर व प्रयोगशाळा होती. शेजारी गणिती लाप्लास राहत. तरुण संशोधकांचा तिथे राबता असे. बर्थोले यांनी गे-ल्युसॅक यांना एक प्रश्न सोपवला आणि काय उत्तर यावे याविषयी त्यांचा स्वतःचा अंदाज होता. प्रयोगातून निघालेले उत्तर नेमके त्याच्या उलट आले. तरुण मदतनिसाने ते जसेच्या तसे गुरूपुढे ठेवले. बर्थोले रागावले नाहीत. उलट हा मुलगा निसर्गाचे ऐकतो, आपले नाही, हे पाहून त्यांना आनंद झाला आणि त्यांनी त्याला घरच्या माणसासारखे जवळ केले.

पुढे हा मतभेद अधिक मोठा झाला. मूलद्रव्ये कोणत्याही कमीजास्त प्रमाणात संयोग पावू शकतात, असे बर्थोले मानत. मीठ पाण्यात कमी घाला किंवा जास्त घाला, विरघळतेच; तसेच काहीसे संयुगांचेही असावे, असा त्यांचा कल होता. गे-ल्युसॅक यांनी ३१ डिसेंबर १८०८ रोजी आपला वायूंच्या घनफळांचा नियम जाहीर केला. वायू परस्परांशी साध्या पूर्णांकी प्रमाणातच संयोग पावतात, असे तो नियम सांगत होता. दोन घनफळे हायड्रोजन आणि एक घनफळ ऑक्सिजन मिळून पाणी होते, हे त्यांनी हम्बोल्ट यांच्याबरोबर १८०५ मध्येच मोजले होते. नियम गुरूच्या मताशी जुळत नव्हता, तरी दोघांचे संबंध अखेरपर्यंत स्नेहाचे राहिले.

मिश्रण आणि संयुग यांत फरक काय, हे आपण आठवीपासून शिकतो. मिठाचे पाणी पातळ किंवा दाट करता येते, पण पाण्यातील हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे प्रमाण आपल्या मर्जीने बदलता येत नाही. आज सोपा वाटणारा हा फरक त्या काळी मोठमोठ्या विद्वानांच्या वादाचा विषय होता.

सात हजार मीटर उंचीवर

१८०२ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, गे-ल्युसॅक यांनी दाखवून दिले की तापमान सारखेच वाढवले तर वेगवेगळे वायू सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात. त्यांच्याआधी अनेकांनी हे मोजण्याचा प्रयत्न केला होता, पण आकडे जुळत नसत. भांड्यात राहिलेला ओलावा हे त्याचे एक मुख्य कारण होते. पाण्याचा थेंब तापून वाफ झाली की वायू फार फुगल्यासारखा दिसे. गे-ल्युसॅक यांनी भांडी आणि वायू काळजीपूर्वक कोरडे केले आणि आकडे जुळले. चार्ल्स यांनी सुमारे पंधरा वर्षांपूर्वी असेच काम केले होते व ते छापले नव्हते, हेही त्यांनी आपल्या लेखात आवर्जून नोंदवले. म्हणून तर त्या नियमाला आज आपण चार्ल्सचा नियम म्हणतो.

उंचावर हवा कशी असते, हा पुढचा प्रश्न होता. ऑगस्ट १८०४ मध्ये ते बियो यांच्याबरोबर हायड्रोजनच्या फुग्यातून वर गेले. मोजमापांनी समाधान झाले नाही म्हणून १६ सप्टेंबर १८०४ रोजी ते एकटेच निघाले आणि ७,०१६ मीटर उंचीवर पोहोचले. थंडीने हात बधिर झाले होते, श्वास जड झाला होता. तरीही ते तापमान, आर्द्रता आणि चुंबकसुईची नोंद घेत राहिले आणि रिकाम्या केलेल्या बाटलीत तिथली हवा भरून खाली आले. तपासल्यावर त्या हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण जमिनीवरच्या हवेइतकेच निघाले. हा उंचीचा उच्चांक सुमारे अर्धशतक टिकला.

या सफरीची एक गंमत सांगतात. आणखी वर जाण्यासाठी वजन कमी करावे म्हणून त्यांनी नको असलेल्या वस्तू खाली टाकल्या. त्यांत एक लाकडी खुर्ची होती. मेंढ्या राखणाऱ्या एका मुलीजवळच्या झुडपात ती पडली. आकाश निरभ्र होते, त्यामुळे खुर्ची स्वर्गातूनच पडली असे लोकांना वाटले. पण स्वर्गातील सुतार इतके ओबडधोबड काम करतात का, असा प्रश्न गावकऱ्यांना पडला. फुग्याची बातमी गावात पोहोचली तेव्हा कुठे उलगडा झाला.

प्रयोगशाळेतील जोखीम

१८०८ च्या सुमारास थेनार या मित्राबरोबर त्यांनी पोटॅशियम हा धातू रासायनिक पद्धतीने मोठ्या प्रमाणात तयार केला आणि त्याच्या मदतीने बोरॉन हे मूलद्रव्य वेगळे काढले. हे काम धोक्याचे होते. एका स्फोटात गे-ल्युसॅक यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. बरेच दिवस डोळ्यांवर पट्टी होती. दृष्टी वाचली, पण पूर्वीसारखी राहिली नाही. प्रयोगशाळेत डोळ्यांना चष्मा लावा, असे आम्ही वारंवार सांगतो, त्यामागे अशा अनेकांची दुखणी आहेत.

१८०९ मध्ये त्यांनी झेनेव्हिएव्ह रोजो या तरुणीशी विवाह केला. ती एका कापडाच्या दुकानात काम करत असे. गिऱ्हाईक नसताना ती टेबलामागे पुस्तक वाचत बसे. ते पुस्तक रसायनशास्त्राचे आहे हे पाहून गे-ल्युसॅक थक्क झाले आणि ओळख वाढली. त्यांचा संसार चाळीस वर्षे सुखाचा झाला. त्याच वर्षी ते एकोल पॉलितेक्निकमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.

याच काळातली एक गोष्ट द्रावणांशी जोडलेली आहे. कुर्त्वा नावाचे सोरा बनवणारे कारखानदार समुद्रशेवाळाची राख पाण्यात मिसळून तिच्यातले क्षार काढत. द्रावण आटवले की क्षार एकामागून एक स्फटिकरूपाने बाहेर पडतात आणि शेवटी थोडा द्रव उरतो. त्याला मातृद्रव म्हणतात. जे क्षार फार विद्राव्य असतात ते या मातृद्रवातच साठून राहतात. १८११ मध्ये कुर्त्वा यांनी त्यात जास्त सल्फ्युरिक आम्ल घातले तेव्हा जांभळी वाफ निघाली. हा नवा पदार्थ कोणता, याचा शोध गे-ल्युसॅक आणि इंग्लंडचे हम्फ्री डेव्ही या दोघांनीही एकाच वेळी घेतला. गे-ल्युसॅक यांनी त्याला आयोडीन या अर्थाचे फ्रेंच नाव दिले आणि १८१४ मध्ये त्याच्या गुणधर्मांवर विस्तृत लेख प्रसिद्ध केला.

पाण्यात मीठ किती मावते?

आता आपण मुख्य विषयाकडे वळू. १८१८ मध्ये गे-ल्युसॅक फ्रान्सच्या दारूगोळा व सोरा खात्याच्या सल्लागार समितीवर आले आणि १८१९ मध्ये त्यांचा क्षारांच्या विद्राव्यतेवरील लेख प्रसिद्ध झाला.

गरम पाण्यात क्षार जास्त विरघळतो, हे स्वयंपाकघरातही माहीत असते. साखरेचा पाक गरम असताना पातळ असतो आणि निवल्यावर भांड्याच्या कडेला साखर धरते. पण किती तापमानाला किती, याचा भरवशाचा हिशोब नव्हता. एकाच क्षाराचे वेगवेगळ्या लोकांनी दिलेले आकडे एकमेकांशी जुळत नसत. गे-ल्युसॅक यांनी आधी विचार केला तो संपृक्ततेचा. द्रावण खरोखर संपृक्त झाले आहे हे ओळखायचे कसे?

त्यांनी दोन मार्ग सांगितले. एक, पाण्यात भरपूर क्षार घालून ते हव्या त्या तापमानापर्यंत हळूहळू तापवायचे. दुसरा, ते आधी जास्त तापवून मग त्या तापमानापर्यंत निवू द्यायचे. दोन्ही मार्गांत तळाशी न विरघळलेला क्षार शिल्लक असला पाहिजे, अखेरचे तापमान निदान दोन तास स्थिर ठेवले पाहिजे आणि द्रावण पुनःपुन्हा ढवळले पाहिजे. असे केले तर खालून या किंवा वरून या, आकडा एकच येतो. मग वरचे स्वच्छ द्रावण काढून तोलायचे, पाणी पूर्ण आटवायचे आणि उरलेला कोरडा क्षार पुन्हा तोलायचा. दोन वजनांतला फरक म्हणजे पाणी.

यात घाई करणाऱ्याची फसगत दोन्ही बाजूंनी होते. खालून तापवताना घाई केली तर क्षार पुरता विरघळत नाही आणि आकडा कमी येतो. वरून निववताना घाई केली तर जास्तीचा क्षार बाहेर पडायला वेळ मिळत नाही, द्रावण अतिसंपृक्त राहते आणि आकडा जास्त येतो. दोन्ही आकडे जुळणे हीच प्रयोग नीट झाल्याची खूण. आज आपण म्हणतो की संपृक्त द्रावणात विरघळणारे कण आणि परत स्फटिकावर बसणारे कण यांची गती सारखी होते. ही भाषा नंतरची, पण तो समतोल कसा पकडायचा हे गे-ल्युसॅक यांनी हाताने करून दाखवले.

मग हे आकडे त्यांनी आलेखावर मांडले. आज आपल्या पुस्तकात असलेल्या आकड्यांनी तो समजून घेऊ. १०० ग्रॅम पाण्यात सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ०° सेल्सिअसला सुमारे १३ ग्रॅम, २०° ला ३२ ग्रॅम आणि १००° ला जवळजवळ २४५ ग्रॅम विरघळतो. साधे मीठ ०° ला सुमारे ३५.७ ग्रॅम, २०° ला ३५.९ ग्रॅम आणि १००° ला ३९ ग्रॅम. सोऱ्याची रेषा डोंगर चढते, मिठाची पठारावरून चालते.

या फरकावर सोऱ्याचे शुद्धीकरण अवलंबून होते, आणि सोऱ्यावर बंदुकीची दारू. समजा १०० ग्रॅम उकळत्या पाण्यात १०० ग्रॅम सोरा आणि त्यात मिसळलेले १० ग्रॅम मीठ आहे. द्रावण २०° पर्यंत निवले की ३२ ग्रॅम सोरा पाण्यात राहील आणि उरलेला सुमारे ६८ ग्रॅम स्फटिक होऊन बाहेर पडेल. मीठ मात्र सगळेच्या सगळे पाण्यात राहील, कारण २०° ला तिथे जवळजवळ ३६ ग्रॅम मिठाला जागा आहे. (दोन क्षारांचा एकमेकांवरचा परिणाम येथे हिशोबात धरलेला नाही.)

त्या काळच्या सोरा तपासणीत आणखी एक युक्ती होती. कच्चा सोरा सोऱ्याच्याच संपृक्त द्रावणाने धूत. ते द्रावण सोऱ्याने आधीच भरलेले असल्याने आणखी सोरा घेत नसे, पण मिठाला त्यात जागा असे. म्हणून मळ वाहून जाई आणि माल जागेवर राही. संपृक्त म्हणजे एका पदार्थाने संपृक्त, सगळ्यांनी नव्हे, हे याहून सोप्या रीतीने शिकवता येणार नाही.

आपल्या गोव्यातील मिठागरांचेही कोडे याच आलेखात सुटते. आगरवाड्याच्या मिठागरात समुद्राचे खारे पाणी उन्हात ठेवतात, कुणी ते तापवून निववत बसत नाही. कारण मिठाची रेषा जवळजवळ आडवी आहे. संपृक्त द्रावण १००° वरून २०° ला आणले तरी १०० ग्रॅम पाण्यामागे तीन ग्रॅमच्या आसपासच मीठ हाती लागेल. मीठ हवे असेल तर पाणीच कमी केले पाहिजे, आणि ते काम ऊन आणि वारा फुकट करतात.

तिसरी रेषा ग्लॉबर सॉल्टची, म्हणजे सोडियम सल्फेटची. ती सुमारे ३३° पर्यंत चढते आणि तिथून खाली वळते. पाणी गरम केले की विद्राव्यता वाढतेच, या समजुतीला हा धक्का होता. दुसरा कोणी असता तर मोजण्यात काही चुकले असेल म्हणून तो आकडा सोडून दिला असता. गे-ल्युसॅक यांनी तो आलेखावर तसाच ठेवला. त्यामागचे कारण आता आपल्याला ठाऊक आहे. ३२.४° च्या खाली तळाशी असलेल्या स्फटिकात सोडियम सल्फेटच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दहा रेणू असतात. त्याच्या वर स्फटिक निर्जल होतो. म्हणजे विरघळणारा घन पदार्थच बदलतो, म्हणून रेषा मोडते.

मिठाने चांदीची परीक्षा

१८२४ च्या सुमारास गे-ल्युसॅक अनुमापनाच्या कामात गढले होते. ब्युरेट आणि पिपेट ही आपल्या प्रयोगशाळेतली नावे त्यांच्या लेखनातून रूढ झाली. त्याच दिवसांत जर्मनीहून आलेला लीबिग नावाचा विशीतला विद्यार्थी त्यांच्याकडे काम करत होता. दोघांनी मिळून एका स्फोटक चांदीक्षाराचे पृथक्करण केले. काम मनासारखे झाले की गे-ल्युसॅक या मुलाचे हात धरून प्रयोगशाळेत नाचत, असे सांगतात. एरवी ते अबोल आणि कोरडे समजले जात.

१८२९ मध्ये त्यांची पॅरिसच्या टांकसाळीत मुख्य परीक्षक म्हणून नेमणूक झाली. तोवर चांदीचा कस पाहण्यासाठी ती शिशाबरोबर मुशीत तापवत. शिसे आणि हिणकस धातू मुशीत शोषले जात आणि चांदी उरे. पण त्याबरोबर थोडी चांदीही जाई. त्यामुळे कस खऱ्यापेक्षा कमी दिसे. हजारात दोन-चार भागांचा हा फरक, पण सगळ्या देशाच्या नाण्यांचा विचार केला तर ती मोठी रक्कम होती.

गे-ल्युसॅक यांनी भट्टीऐवजी मिठाचे पाणी वापरले. चांदी नायट्रिक आम्लात विरघळवायची आणि त्यात मिठाचे द्रावण घालायचे. पांढरा सिल्व्हर क्लोराइड तळाशी बसतो. हा क्षार इतका अल्प विद्राव्य आहे की एक लिटर पाण्यात त्याचे जेमतेम दोन मिलिग्रॅम विरघळतात. त्यामुळे जवळजवळ सगळी चांदी साक्यात येते. त्यांनी मिठाचे द्रावण असे बनवले की त्याच्या १०० मिलिलिटरने बरोबर एक ग्रॅम चांदी खाली बसावी. शेवटच्या टप्प्यासाठी त्याच्या दहाव्या हिश्शाइतके पातळ द्रावण; त्याचा एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम चांदी. बाटली हलवायची, द्रव निवळू द्यायचा, पुन्हा थोडे द्रावण घालायचे. पांढरा ढग उठायचा थांबला की हिशोब पूर्ण. तापमानानुसार मिठाचे द्रावण प्रसरण पावते, म्हणून त्याची दुरुस्ती करण्याचे कोष्टकही त्यांनी जोडले. ही पद्धत १८३२ च्या सुमारास प्रसिद्ध झाली आणि पुढे अनेक देशांच्या टांकसाळींनी स्वीकारली.

ज्या माणसाने सोऱ्यासारख्या अतिविद्राव्य क्षाराची रेषा काढली, त्यानेच जवळजवळ न विरघळणाऱ्या क्षाराच्या आधारे देशाचे नाणे तपासले. विरघळणे जितके उपयोगी, तितकेच न विरघळणेही.

अखेरची वर्षे

सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यात वाया जाणारे नायट्रोजनचे ऑक्साइड परत मिळवण्याची योजना त्यांनी १८२७ मध्ये सुचवली. तिला पुढे गे-ल्युसॅक मनोरा हे नाव पडले. १८३१ मध्ये ते लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आले आणि १८३९ मध्ये वरिष्ठ सभागृहाचे सदस्य झाले. तरी त्यांचा खरा ओढा प्रयोगशाळेकडेच होता. त्यांची एक प्रयोगशाळा तळमजल्यावर होती आणि तिथली जमीन इतकी ओलसर की ते लाकडी पादत्राणे घालून काम करत.

रसायनशास्त्राच्या तत्त्वांवर एक ग्रंथ लिहायला त्यांनी घेतला होता. प्रकृती ढासळली आणि तो पुरा होणार नाही हे दिसू लागले, तेव्हा त्यांनी हस्तलिखित जाळून टाकायला मुलाला सांगितले. अर्धवट तपासलेले आपल्या नावावर जगापुढे जाऊ नये, असे त्यांना वाटत असावे. ९ मे १८५० रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. पुढे आयफेल मनोऱ्यावर ज्या ७२ फ्रेंच शास्त्रज्ञ-अभियंत्यांची नावे कोरली गेली, त्यांत त्यांचेही नाव आहे.

तो ग्रंथ गेला याची आम्हाला हळहळ वाटते. त्यात काय होते हे आता कोणालाच कळणार नाही. पण त्यांचे मोजलेले आकडे राहिले, आणि ते पुन्हा मोजून पाहण्याची सोय आपल्या शाळेतही आहे. तापमापक, तराजू, चंचुपात्र, सोरा आणि दोन तासांचा धीर, एवढेच लागते. पुढच्या महिन्यात द्रावणांचा प्रयोग आहे. एका गटाने खालून तापवत यावे, दुसऱ्याने वरून निववत यावे आणि ४०° ला दोघांनी आपापला आकडा फळ्यावर लिहावा. जुळले तर उत्तम. नाही जुळले, तरी वहीत आलेला आकडाच लिहावा आणि त्याच्याशेजारी तापमान लिहायला विसरू नये.